‘सेवेमुळे नव्हे’ : सैनिकांच्या अपंगत्ववेतनास नकार देणाऱ्या वाक्याचे परीक्षण

सैन्यात नोकरी करीत असता ज्याला एखादी व्याधी जडली आणि त्या व्याधीपायी ज्याला सेवेतून मुक्त करण्यात आले, अशा सैनिकाचा अपंगत्ववेतनाचा हक्क नाकारताना वैद्यकीय मंडळांनी व निवृत्तिवेतनाच्या कचेऱ्यांनी कित्येक दशके एकच वाक्य वापरले आहे. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा, की सदर विकार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि लष्करी सेवेने बळावलेलाही नाही. वाक्य लहान आहे, सुबक आहे, आणि कोणत्याही विकाराला लावता येण्याइतके सर्वसाधारण आहे. माजी सैनिकांच्या बोलीत ‘बोर्ड-आऊट’ झालेला शिपाई बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील आपल्या गावी परततो, तेव्हा त्याच्या आयुष्यभराच्या एका हक्काचा निकाल या वाक्याने लागलेला असतो. पत्र बहुधा इंग्रजीत असते. ते वाचून दाखविणारा गावात भेटला, तरी त्याचा अर्थ उलगडून सांगणारा भेटेलच असे नाही.

या विषयाची चर्चा आजवर विधिज्ञांनी केली, काही अंशी वैद्यांनीही केली. परंतु हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेतील आहे. न्यायालयांनी अशा नकारांत जी चूक वारंवार दाखवून दिली, ती मुख्यतः निदानाची चूक नव्हती; ती वाक्यार्थाची चूक होती. ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘नाही असे सिद्ध झाले’ या दोन विधानांतील भेद पुसला गेला, आणि त्या पुसलेल्या जागी माणसाचा हक्क हरवला.

१

हा भेद मराठीत स्पष्ट दिसतो. पुढील दोन वाक्ये पाहावीत : (अ) ‘हा विकार सेवेमुळे झाला, असे सिद्ध झालेले नाही.’ (आ) ‘हा विकार सेवेमुळे झालेला नाही, असे सिद्ध झाले आहे.’ दोहोंत शब्द जवळजवळ तेच आहेत. केवळ नकाराचे स्थान बदलले आहे. पहिल्या वाक्यात नकार सिद्धतेला लागतो, दुसऱ्यात विकाराच्या कारणसंबंधाला. पहिले वाक्य अज्ञानाची कबुली देते. दुसरे ज्ञानाचा दावा करते. पहिले म्हणावयास पुराव्याचा अभाव पुरतो. दुसरे म्हणावयास पुरावा लागतो.

आता प्रश्न असा, की हक्क नाकारण्यास यांपैकी कोणते वाक्य आवश्यक आहे? याचे उत्तर १९८२ सालच्या हक्कविषयक नियमांनी दिले होते. त्या नियमांप्रमाणे सेवेत प्रवेश करताना सैनिकाच्या कागदपत्रांत व्याधीची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असे गृहीत धरावयाचे; पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला मुक्त केल्यास प्रकृतीतील बिघाड सेवेपायी झाला असे मानावयाचे; हक्क सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकावयाचा नाही; आणि वाजवी संशय उरल्यास त्याचा फायदा त्यालाच द्यावयाचा. व्याधी प्रवेशाच्या वेळी ओळखता येण्यासारखी नव्हती असे वैद्यकीय मत असेल, तर त्या मताची कारणे नमूद करावयाची. या योजनेत नकारासाठी (आ) वाक्याची गरज होती. मंडळांच्या हाती बहुतेक वेळा आधार (अ) चा असे आणि ते लिहीत (आ). इंग्रजी सूत्रवाक्याची रचनाच अशी, की त्यात ‘सिद्ध होणे’ ही क्रियाच येत नाही. कोणी पाहिले, काय पाहिले, कशावरून ठरविले, हे सारे लोप पावते आणि नकार जणू निसर्गाचेच विधान होऊन उभा राहतो.

याच सूत्रात दुसराही एक दोष आहे. ‘उद्भवणे’ आणि ‘बळावणे’ हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. एखाद्या विकाराचे बीज सेवेपूर्वीचे असू शकेल. तरीही जागरण, थंडी, उंचावरील विरळ हवा, कुटुंबाचा दीर्घ वियोग यांनी तो बळावला की नाही, याचा विचार निराळा करावा लागतो. सूत्रवाक्य ‘हेही नाही, तेही नाही’ असे म्हणून दोन्ही प्रश्न एका फटक्यात मिटविते. पहिल्या नकाराला दिलेले कारण, ते दिलेच असेल तर, दुसऱ्या नकाराला आपोआप लागू पडत नाही, याचे भान या जोडवाक्यात राहत नाही.

२

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी ‘धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी दिलेला निर्णय या दृष्टीने मननीय आहे. हा सैनिक १९८५ साली सिग्नल दलात भरती झाला आणि सुमारे ९ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली अपस्मारसदृश झटक्यांच्या विकारामुळे मुक्त करण्यात आला. अपंगत्व २० टक्के ठरले. भरतीच्या वेळच्या कागदांत विकाराची नोंद नव्हती. तरीही मंडळाने विकार सेवेशी असंबद्ध ठरविला आणि त्याचे कारण म्हणून तो ‘कॉन्स्टिट्यूशनल’, म्हणजे प्रकृतिजन्य, असल्याचे लिहिले. न्यायालयाने नियम अक्षरशः वाचले, मंडळाने कारणे दिलेली नाहीत हे दाखविले आणि वेतन मंजूर केले.

‘प्रकृतिजन्य’ या शब्दापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. बारामती ही मोरोपंतांची भूमी. मोरोपंतांच्या यमकप्रधान आर्यांवर ज्याचे कान तयार झाले आहेत, त्याला एकच अक्षरसमूह दोन अर्थांनी कसा नांदतो हे शिकवावे लागत नाही. काव्यात ते भूषण होय. निर्णयपत्रात ते दूषण ठरते. ‘प्रकृतिजन्य’ या शब्दाचा एक अर्थ केवळ वर्गीकरणाचा आहे : व्याधींच्या अमुक गटातील व्याधी. दुसरा अर्थ कार्यकारणाचा आहे : या विशिष्ट माणसात ही व्याधी त्याच्या उपजत प्रकृतीतूनच निर्माण झाली. मंडळ शब्द पहिल्या अर्थाने उचलते आणि निष्कर्ष दुसऱ्या अर्थाने काढते. नामकरण म्हणजे कारणनिर्देश नव्हे. शिवाय व्याधी उपजत होती असे म्हणावयाचे, तर भरतीच्या वेळी त्याच सैन्याच्या वैद्याने त्याला सक्षम कसे ठरविले, हा प्रश्न उरतो. आणि नियमाने कारण मागितले होते ते नेमके याच ठिकाणी.

‘पीस स्टेशन’ या शब्दाची कथाही अशीच. विकाराचा आरंभ शांतता-क्षेत्रात झाला, सबब तो सेवेमुळे नव्हे, असा युक्तिवाद अनेक नकारांत आढळतो. वस्तुतः ‘शांतता-क्षेत्र’ ही संज्ञा सैन्याच्या तैनातीच्या व्यवस्थेतील आहे. युद्धसन्मुख प्रदेशाहून निराळा तो प्रदेश, एवढाच तिचा अर्थ. तेथे राहणाऱ्याच्या मनाला व शरीराला शांतता लाभते, असे ती संज्ञा सांगत नाही. एका व्यवहारक्षेत्रातील पारिभाषिक शब्द दुसऱ्या क्षेत्रात नेताना त्याचा व्यावहारिक अर्थ त्याला नकळत चिकटतो, ही अर्थविज्ञानातील परिचित घटना आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली, केवळ शांतता-क्षेत्रात विकार सुरू झाला एवढ्यावरून सेवासंबंध नाकारता येणार नाही, असे सांगितले; त्यात हाच अर्थसंकर उघड झाला आहे.

३

चूक शब्दांत होते, पण ती टिकते कशामुळे? ज्याच्याविषयी निर्णय द्यावयाचा त्याच्यापासून निर्णय देणारा दूर गेल्यामुळे. पूर्वी अलाहाबाद (आताचे प्रयागराज) येथील निवृत्तिवेतन-लेखा कचेरीतील वैद्यकीय सल्लागार, सैनिकाला प्रत्यक्ष तपासलेल्या मंडळाचे मत केवळ कागद पाहून फिरवू शकत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली ‘मोहिंदर सिंह’ प्रकरणात ही पद्धत अमान्य केली.

इंदापूर तालुक्याच्या इतिहासात या दूरत्वाचा एक जुना धडा आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताला अनुसरून प्रत्येक शेताचे ‘निव्वळ उत्पन्न’ काढण्याचा घाट घातला आणि त्यावर सारा बसविला. गणित शास्त्रशुद्ध दिसत होते. परंतु त्यात घातलेले आकडे जमिनीशी जुळत नव्हते. सारा डोईजड झाला, शेते पडीक पडली. अखेर १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातूनच फेरमोजणीस आरंभ केला आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली. त्या फेरमोजणीने सारे प्रश्न सोडविले असे नव्हे. पण तिने एक तत्त्व मान्य केले : आधीचा आकडा नोंदला गेला आहे, म्हणून तो खरा मानावयाचा नाही, शेतावर जाऊन पुन्हा पाहावयाचे. अपंगत्ववेतनाच्या पहिल्या व दुसऱ्या अपिलात नेमके हेच अपेक्षित असते. तेथेही जुनेच सूत्रवाक्य उतरवून काढले, तर त्याला फेरविचार म्हणता येत नाही. ती केवळ नक्कल होय.

४

चूक मान्य झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो काळाचा. ‘तरसेम सिंह’ प्रकरणातील सैनिक १९८३ साली मुक्त झाला आणि १९९९ साली न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असे मानले, की वेतन न देणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे. म्हणून विलंब झाला तरी दाद मागता येईल. मात्र थकबाकी अर्जापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच मिळेल. पुढील सर्वच प्रकरणांत ही मर्यादा एकाच मापाने लागली असे नाही. तरी तिच्यातील अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. चूक सतत चालू आहे असे म्हणावयाचे आणि तिच्या आरंभाचा हिशेब मात्र सोडून द्यावयाचा, असा हा तोडगा आहे. अमेरिकेत १९९७ साली कायद्यात समाविष्ट झालेली तरतूद याहून निराळी आहे. जुन्या, अंतिम झालेल्या निर्णयात स्पष्ट व निर्विवाद चूक दाखविता आली, तर तो निर्णय केव्हाही बदलता येतो आणि दुरुस्त निर्णय मूळ तारखेपासूनच दिला होता असे समजले जाते. अर्थात तेथे चूक ‘निर्विवाद’ असावी लागते. ती सिद्ध करणे सोपे नसते. एका देशात दार अरुंद, पण आत गेल्यावर सर्व काळ मोकळा. दुसऱ्यात दार रुंद, पण काळ आखडलेला.

भारतीय नियमांच्या भाषेतही काळाचे एक वळण आले आहे. २००८ च्या नियमांत दावेदारावर सिद्धतेचा भार ‘सामान्यतः’ टाकला जाणार नाही, असे म्हटले आहे; आणि पुढे, मुक्तीनंतर १५ वर्षांनी दावा केल्यास व मुदतीअंती सेवेचे कागद नष्ट झालेले असल्यास तो भार दावेदारावर येईल, अशी जोड दिली आहे. सेवेत असता विकार प्रकट झाला एवढ्यानेच सेवासंबंध सिद्ध होत नाही, असेही त्यात नमूद आहे. अनुवंशाने येणाऱ्या व उतारवयात उद्भवणाऱ्या व्याधी असतात, हे वैद्यकीय सत्य आहे आणि सरकारी तिजोरीची काळजी करणे हाही शासनाचा धर्म आहे. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कागद ज्याच्या ताब्यात होते त्याने ते नष्ट करावयाचे आणि पुरावा मात्र ज्याच्याकडे ते कधीच नव्हते त्याच्याकडे मागावयाचा, हा ‘सामान्यतः’ या एका क्रियाविशेषणाने घडविलेला मोठा पालट आहे.

विलंबाचे स्वरूपही समजून घ्यावयास हवे. इंग्रजी पत्र घेऊन घरी आलेला तरुण शिपाई शेतीत किंवा साखर कारखान्याच्या नोकरीत गुंततो. पत्रातील वाक्य तो वैद्यकशास्त्राचा अंतिम शब्द समजतो. त्याला (आ) ऐकविलेले असते. त्यामागे फक्त (अ) आहे हे त्याला कोण सांगणार? सैन्यदल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ साली झाला. मुंबईतही त्याचे पीठ आहे. पण तेथवर जाण्यापूर्वी आपल्याला मिळालेला नकार हा निर्णय आहे की कारणावाचूनचे सूत्र, हे ओळखता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ‘बिजेंदर सिंह’ प्रकरणात सैनिकाच्या बाजूने दिलेला निर्णय १९८९ साली मुक्त झालेल्या माणसाविषयी होता. मधली ३६ वर्षे केवळ न्यायालयीन दिरंगाईची म्हणता येणार नाहीत. ती एका वाक्यावर ठेवलेल्या विश्वासाचीही आहेत.

५

यावरून नकाराच्या भाषेची किमान अट मांडता येते. नकारपत्राने चार गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत सांगाव्यात : भरतीच्या वेळी नोंद काय होती, विकार सेवेमुळे उद्भवला नाही असे म्हणण्याचे या माणसापुरते कारण काय, तो सेवेने बळावला नाही असे म्हणण्याचे निराळे कारण काय, आणि संशय उरला असल्यास त्याचा लाभ कोणास दिला. प्रत्येक वाक्यास कर्ता असावा, आणि पत्रासोबत सैनिकाच्या भाषेतील प्रत असावी. मराठी प्रतीत नकाराचे स्थान निश्चित करावेच लागते. त्यामुळे लिहिणारालाही आपल्याजवळ (अ) आहे की (आ), हे ठरविल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

जुन्या नकारांचे परीक्षणही याच रीतीने होऊ शकेल. नावे वगळून अशा पत्रांचा संग्रह केला, तर कारण देणारी किती व केवळ सूत्र उतरविणारी किती, हे विद्यापीठातील भाषाविभागही पाहू शकतील. व्याधी सेवेमुळे झाली की नाही, हे भाषाशास्त्र सांगू शकत नाही. पण त्याविषयी खरोखर काही सांगितले गेले आहे की नाही, हे ते निश्चित सांगू शकते. आणि ज्यांचे अर्ज कारणावाचून नाकारले गेले, त्यांच्या फेरविचाराची सुरुवात तेथूनच होते.