धूमकेतू टळला, श्रेय कोणाचं?

ताईचं लग्न जमत नव्हतं, म्हणून आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. गावाकडच्या ज्योतिष्यांनी तिच्या पत्रिकेत कालसर्प योग सांगितला होता, म्हणजे राहू-केतूच्या एकाच बाजूला बाकीचे सगळे ग्रह. विधी झाला. आई निवांत झोपली. रात्री लॉजच्या गच्चीवर ताईने विचारलं, "तुला काय वाटतं, होईल काही?"

मी हुशारी दाखवली. म्हटलं, राहू-केतू हे ग्रहच नाहीत. चंद्राची कक्षा आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे छेदतात ते दोन बिंदू. तिथे साधा दगडही नाही. ताई म्हणाली, "ते मलाही माहितीये. मी वेगळं विचारलं."

घरी आल्यावर मी जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा पुन्हा वाचली. दत्ता नावाचे हौशी आकाशनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असं गणित सांगतं. शास्त्रज्ञ गुपचूप यान पाठवून त्याचा मार्ग बदलतात. इकडे दत्तांच्या घरी शांतीसाठी यज्ञ होतो. संकट टळतं आणि घरचे श्रेय यज्ञाला देतात.

शाळेत असताना ही कथा मला भयंकर आवडली होती. आता मात्र अडखळलो. यानाचं गुपित लेखकाने आपल्याला आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे यज्ञाला हसणं फार सोपं होतं. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला असं गुपित कोणी सांगत नाही. उद्या ताईचं लग्न जमलं, तर ते कशामुळे जमलं हे तिला कधीच कळणार नाही. कथा यज्ञ करणाऱ्यांना चूक ठरवते, पण त्यांच्या जागी एकदाही उभी राहत नाही. नारळीकरांच्या कथांमधली ही खोट मला आता दिसते. उत्तर लेखकाच्या खिशात तयार असतं. 'प्रेषित' या कादंबरीतही परग्रहावर कोणी आहे का, हा प्रश्न फार काळ प्रश्न राहत नाही.

गंमत अशी की, हाच प्रश्न प्रयोगशाळेत विचारताना त्यांनी खिसा रिकामा ठेवला. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडला गेला. इस्रोच्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक नारळीकर होते. फुग्याखाली ४५९ किलोचं सामान होतं आणि त्यात पोलादाच्या १६ निर्जंतुक नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या दोन संस्थांनी ती स्वतंत्रपणे तपासली. जिवाणूंच्या १२ वसाहती मिळाल्या. त्यातल्या ९ पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळत होत्या. ३ जाती मात्र नव्या होत्या आणि त्या अतिनील किरणांना जास्त दाद देत नव्हत्या.

आता रीलवाला काय म्हणाला असता? 'एलियन सापडले!' आणि नारळीकरांना तर तसं म्हणण्याचा मोह व्हायला सबळ कारण होतं. जीवसृष्टीची बीजं धूमकेतूंमधून पृथ्वीवर आली, ही कल्पना त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल यांनी आयुष्यभर लढवली होती. नव्या जातींपैकी एकीला हॉयल यांचंच नाव दिलं गेलं. तरीही २००९ मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष एवढाच होता: हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं ठामपणे सिद्ध होत नाही, पण शोध पुढे न्यावा असं काहीतरी हाती लागलंय.

पत्रिकेच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. ज्योतिष थोतांड आहे असं नुसतं भाषण न देता २००८ मध्ये सहकाऱ्यांसोबत चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यातल्या ४० दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवणाऱ्या २७ जणांची सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवूनही साधारण निम्मी बरोबर येतात. महत्त्वाचं हे की ज्योतिष्यांना जिंकायची पूर्ण संधी होती.

म्हणून मला वाटतं, नारळीकरांची सर्वात थरारक गोष्ट त्यांच्या कथासंग्रहात नाही, त्या फुग्याच्या अहवालात आहे. तिथे शेवट काय होणार हे लेखकालाही माहीत नव्हतं.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कळेपर्यंत माणसाने काय करायचं?"

याचं उत्तर अहवालात नाही, 'धूमकेतू'त तर नाहीच. ती कथा मला लिहायची असती, तर मी दत्तांपासून सुरुवात केली नसती. यज्ञाला बसलेल्या बाईपासून केली असती. आणि यानाबद्दल तिला काही कळू दिलं नसतं, वाचकालाही नाही.