शीग

पायली भरणाऱ्याच्या हातांकडे पाहावे. धान्य काठाला लागते, तरी हात थांबत नाहीत. ओंजळीने वरून ओततच राहायचे, काठावर दाण्यांचा निमुळता ढीग चढवायचा आणि दाणे घरंगळू लागले की माप उचलायचे. या ढिगाला शीग म्हणतात. उत्साह ‘शिगेला पोचतो’, तो याच मापावर.

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा भात, नाचणी, वरईचा. अशा मुलखात शोभणारी ही मापांची उतरंड पाहा: निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, म्हणजे 64 निळव्यांची एक पायली. निम्मे आणि निम्म्याचे निम्मे एवढे कळले की अक्षर न शिकलेली बाईही वाटणी बिनचूक करी. नावांतही गंमत आहे. निळवे, कोळवे म्हणताना चिमूटभर दाणे दिसतात. वीस मणांची खंडी म्हणताना तोंड भरून येते. पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणायचे नाही, ‘लाभ’ म्हणायचे. मोजणीची सुरुवातच शुभेच्छेने! नवी सून उंबरठ्यावर लवंडते तेही तांदळाने भरलेले मापच.

या भूमीला धान्याचा व्यवहार फार जुना. जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटातल्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. शिवनेरीवर अंबरखाना, म्हणजे धान्याचे कोठार, उभा आहे. दाणा पिकवणारा, वाहणारा, साठवणारा, सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे माप.

पण शीग सैल असते. घेताना शिगेने आणि देताना सपाट मापाने, हा खेळ ज्याच्या हाती माप त्यालाच जमे. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग उगाच रुजला नाही. मणही कुठे 12 पायल्यांचा, कुठे 16 पायल्यांचा. त्यातून पायली जागा मोजते, भार नाही. भाताची पायली आणि तांदळाची पायली काट्यावर सारखी उतरत नाही. म्हणून 1956 च्या कायद्याने आणलेला, 1958 पासून बाजारात उतरू लागलेला किलो मला न्यायाचा वाटतो. डोंगरातून हिरडा गोळा करून आणणाऱ्याला काट्यावरचा स्पष्ट आकडाच हवा.

तरीही काटा बरोबर तेवढेच देतो. काठावर चढवून देण्याची रीत पायलीपाशी होती. ती रीत आपल्या भाषेने जपली, वस्तू मात्र माळ्यावर गंजते आहे. तुमच्या घरी जुनी पायली असेल तर मोडीत घालू नका. एकदा सपाट आणि एकदा शिगेने तांदूळ भरा, दोन्ही वेळा वजन करा आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. गावोगावची पायली वेगळी होती. तुमच्या गावची किती होती, हे तुमच्याच घरातून कळेल.