चिवटपणाचे माप

जुन्या मल्लांची व मुष्टियोद्ध्यांची तुलना हा आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या बैठकीतला आवडता विषय. होळकर दरबाराने मल्लविद्येला आश्रय दिला, तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांतून ही चर्चा चालत आलेली आहे. मात्र तीत एक दोष नेहमी आढळतो. सर्वांत चिवट कोण, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल किताबांची आणि विजयांची यादी वाचली जाते. किताब बळाची साक्ष देतो, कौशल्याची देतो, क्वचित नशिबाचीही देतो. चिवटपणाची देतोच असे नाही. या दोषाचा येथे थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आपली भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. तालमीत ‘बळ’ वेगळे, ‘दम’ वेगळा आणि ‘काटकपणा’ आणखी वेगळा. बळ पहिल्या पकडीत कळते. दम दहाव्या मिनिटाला कळतो. चिवटपणा मात्र या दोहोंचा साठा संपल्यावर जे उरते, त्याचे नाव आहे. म्हणून तो जिंकलेल्या कुस्तीपेक्षा हरलेल्या अथवा हरत आलेल्या कुस्तीत अधिक स्पष्ट दिसतो.

दतियाच्या आश्रयाने पुढे आलेल्या गामा पहिलवानाचे उदाहरण घेऊ. १९१० च्या सप्टेंबरमध्ये लंडन येथे त्याची पोलंडच्या झिबिस्कोशी गाठ पडली. अडीच तासांहून अधिक काळ चाललेली ही कुस्ती बरोबरीत सुटली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही. १९२८ साली पतियाळा येथे मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. अडीच तास न हलणे हाही चिवटपणाच, असे कोणी म्हणेल. आमचे मत भिन्न आहे. पराभव टाळण्याची चिकाटी आणि पराभवाची जोखीम घेऊन झुंजत राहण्याची चिकाटी यांना एका तराजूत घालता येत नाही.

हीच कसोटी वजनदार गटातील मुष्टियोद्ध्यांस लावून पाहू. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत एकदाही हरला नाही. त्याचे भक्त हा आकडा पुढे करतात. आम्ही १९५२ सालची वॉलकॉटविरुद्धची लढत पुढे करू. पहिल्याच फेरीत तो खाली पडला, पुढे गुणांतही मागे राहिला आणि तेराव्या फेरीत एका ठोशाने जगज्जेता झाला. जॉर्ज फोरमनने १९७३ साली किंग्स्टन येथे जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले. क्रीडालेखक या लढतीचा उल्लेख फोरमनच्या ताकदीचा पुरावा म्हणून करतात. फ्रेझियर सहाही वेळा उठला, ही गोष्ट आमच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. उलट तोच फोरमन १९७४ साली किन्शासा येथे अलीच्या माऱ्याने आठव्या फेरीत एकदा पडला आणि पंचांची मोजणी पुरी होण्याआधी सावरू शकला नाही. परंतु याच फोरमनने पुढे वीस वर्षांनी, १९९४ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेतेपद परत मिळवले. एका रात्रीचा चिवटपणा आणि एका आयुष्याचा चिवटपणा यांतील अंतर याहून चांगल्या रीतीने दाखवता येणार नाही.

आता आपल्या मातीकडे वळू. सीमाभागातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ चे पहिले हिंदकेसरी. १९६० चे गणपतराव आंदळकर आणि १९६४ चे मारुती माने हे दोघे सांगली जिल्ह्यातले. या दोघांची तुलना करणारे बहुधा हिंदकेसरीच्या गदेपाशी थांबतात. खरे मोजमाप १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सापडते. तेथे मान्यांनी मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमन शैलीत रौप्य मिळवले. आंदळकरांनी सर्वांत वजनदार गटात नेमके उलट, ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण व मुक्त शैलीत रौप्य. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात घालण्यास मनाई असते. ज्याचे सारे शिक्षण लाल मातीत, पट काढण्याच्या सवयीत झाले, त्याने अर्धी विद्या बाजूला ठेवून परक्या गादीवर परक्या नियमांनी जिंकणे, यास आम्ही मनाचा चिवटपणा म्हणतो. म्हणून मान्यांविषयी पूर्ण आदर राखूनही आमचे झुकते माप आंदळकरांकडे आहे.

तथापि वजन आणि चिवटपणा यांचे नाते मानू नये. गोळेश्वरचे खाशाबा जाधव अवघ्या सत्तावन्न किलोच्या गटातले. १९४८ साली लंडनला ते सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणले. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. चिवट माणसामागे बहुधा आणखी एक चिवट माणूस उभा असतो. त्याचे नाव यादीत येत नाही. आणि आपल्या इंदुरात तर कर्नल सी. के. नायडूंचे उदाहरण घरोघर ठाऊक आहे. १९५१-५२ च्या रणजी अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात पडले, तरी छपन्न वर्षांचे कर्नल खेळपट्टी सोडून गेले नाहीत.

येथवर आलो की एक अप्रिय प्रश्न टाळता येत नाही. या चिवटपणाची किंमत कोण भरतो? १९७५ च्या मनिला येथील लढतीत चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आले होते. त्याला पंधरावी फेरी खेळायची होती. त्याचे वस्ताद एडी फच यांनी त्याला उठू दिले नाही. जिंकला अली, परंतु त्यानंतरही तो मार खात सहा वर्षे लढत राहिला. १९८४ साली त्याला कंपवाताचे निदान झाले आणि २०१६ पर्यंतचे आयुष्य त्याने त्या व्याधीसह काढले. त्याच्या सहनशक्तीला टाळ्या देणाऱ्यांत आपण प्रेक्षकही होतोच.

म्हणून आमचा अभिप्राय असा. मुष्टियोद्ध्यांत फ्रेझियर, मल्लांत आंदळकर, ही आमची निवड. ती कोणी अमान्य केल्यास आमची हरकत नाही. पण तुलना करताना माणूस किती मार सोसू शकला, एवढेच मोजू नये. तो पडल्यावर उठला का, परक्या नियमांत टिकला का, आणि थांबण्याची वेळ आली तेव्हा त्याला थांबवणारे कोणी होते का, हेही विचारावे. आपल्या व्यायामशाळांतून आजही मुले दंड-बैठका काढीत आहेत. त्यांना चिवटपणाच्या कथा सांगताना फ्रेझियर सहा वेळा उठला हे जरूर सांगावे. आणि फच यांनी त्याला सातव्यांदा उठू दिले असते का, हा प्रश्नही सोबत द्यावा.