दादाभाई नौरोजी मार्ग : पदे आणि अन्वय

एखाद्या राजमार्गाचे मूल्यमापन त्यावरील नामांकित वास्तूंची गणना करून व्हावे, ही समजूत रूढ आहे. मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे पूर्वीचा हॉर्न्बी रोड, तिची मर्यादा दाखवून देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि पुढे हा रस्ता रुंदावला. त्याच्या उत्तर भागात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या दोन कृती परस्परांसमोर आहेत : 1888 मध्ये पूर्ण झालेले रेल्वेस्थानक आणि 1893 चे महापालिकाभवन. दक्षिणेस हुतात्मा चौकात 1864 चे फ्लोरा फाउंटन आहे. परंतु स्थानक अंगणामागे सरून एकटेच उभे आहे. त्याची भव्यता निर्विवाद असली, तरी मार्गाला एकात्मता देणारे तत्त्व तिच्यात नाही.

ते तत्त्व मधल्या, तुलनेने अप्रसिद्ध इमारतींत आढळते. 1896 च्या नियमानुसार तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आच्छादित मार्ग ठेवणे मालकांस बंधनकारक झाले. परिणामी वरच्या मजल्यांवर गॉथिक, अभिजात व हिंदी-इस्लामी शैली स्वतंत्रपणे नांदल्या. खाली मात्र सलगता राहिली. वाक्यातील पदे स्वतःचा अर्थ राखूनही अन्वयाने बांधली जातात, तद्वतच हे होय.

म्हणूनच वारसा-जतनाची दृष्टी केवळ सुट्या वास्तूंवर खिळणे अपुरे ठरते. नामफलकांनी कमानी झाकल्या, की एकही इमारत न पडता मार्गाचा अन्वय तुटतो. पदे शिल्लक राहतात. वाक्य राहत नाही.