‘नदी प्रौढावस्थेत आहे’ : एका वाक्याची उलटतपासणी

पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य एकदा तरी लिहिलेलं असतं : “अभ्यासक्षेत्रातील नदी प्रौढावस्थेत असून तेथे क्षरण व संचयन यांचा समतोल दिसतो.” मीही लिहिलं होतं. सादरीकरणात मला एकच प्रश्न आला, “हे तुम्हाला कुठे दिसलं?” माझ्याकडे एक तक्ता होता आणि एक रंगीत नकाशा. नदीकाठी मी तोवर दोनदाच गेलो होतो, तेही फोटो काढायला. त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज या पोस्टमध्ये त्या वाक्याचीच तपासणी करू. उदाहरण आपलंच घेऊ, महाबळेश्वर ते सांगली या टप्प्यातली कृष्णा.

आधी हे वाक्य येतं कुठून ते बघू. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी १८९९ मध्ये ‘भौगोलिक चक्र’ मांडलं. भूमी उंचावली जाते, मग नदी ती झिजवत जाते आणि भूरूपं युवावस्था, प्रौढावस्था, वृद्धावस्था अशा क्रमाने बदलतात. नेट-सेटच्या तयारीत आपण हे पाठ करतो. वर व्ही आकाराची दरी आणि धबधबे, मध्ये नागमोडी वळणं, खाली पूरमैदान आणि नालाकृती सरोवर. डेव्हिस यांनी ‘रचना, प्रक्रिया आणि अवस्था’ असे तीन घटक सांगितले होते आणि अवस्था त्यात शेवटी येते. पहिले दोन आपण गाळून टाकले. तेव्हा तक्रार डेव्हिसपेक्षा आपण त्याचं जे गाईड करून टाकलं त्याबद्दल जास्त आहे.

आता ही आकृती कृष्णेवर ठेवून बघा.

पाचगणीचं टेबललँड सपाट आहे. आकृतीप्रमाणे सपाट म्हणजे म्हातारं, आणि म्हातारं म्हणजे समुद्रसपाटीजवळचं. पण हे सपाट मैदान हजार मीटरच्याही वर, डोक्यावर आहे. त्यावर जांभ्याचा कठीण थर आहे. असाच जांभा महाबळेश्वरला आणि कासच्या पठारावर दिसतो. जांभा तयार व्हायला दीर्घकाळ मुरणारं पाणी आणि फारसा उतार नसलेली जमीन लागते. म्हणजे एका जुन्या पृष्ठभागाचे हे उरलेले तुकडे आहेत. विडोसन आणि कॉक्स यांनी १९९६ मध्ये याच जांभ्यांचा आणि नद्यांच्या मांडणीचा आधार घेऊन सह्याद्रीच्या उत्थानाची आणि झिजेची चर्चा केली. आपल्या तक्त्यात मात्र तोच भाग ‘युवावस्था’ म्हणून रंगवलेला असतो, कारण तिथे नदी उगम पावते. नदी तिथे सुरू होते यावरून तिथली जमीन तरुण ठरत नाही.

पसरणी घाट उतरून वाईला या. उगमापासून फार लांब नाही, तरी खोरं चांगलं रुंद आहे. आकृतीप्रमाणे इथे अजून अरुंद दरीच असायला हवी होती. पुढे कराडला तर आकृती अगदीच चुकते. कोयनाही महाबळेश्वरातच उगम पावते, पण सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे साधारण ६५ किलोमीटर जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला जवळजवळ समोरासमोर येऊन मिळते. उपनदी मुख्य नदीला तिरकी येऊन मिळते असं आपण शिकलो. इथे तसं नाही. का नाही, हा प्रश्न खडकाच्या रचनेचा आहे. ‘अवस्था’ हा शब्द त्याला हातच लावत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही आता डेव्हिस वापरत नाही, आम्ही जीआयएसवर मॉर्फोमेट्री करतो. ठीक आहे, तिकडेही बघू.

पहिलं, द्विशाखन गुणोत्तर. उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून प्रवाहश्रेणी काढायच्या, गुणोत्तर ३ ते ५ च्या दरम्यान आलं की लिहायचं, “भूरचनेचा प्रभाव नाही.” हा निकष स्ट्रालर यांचा. पण श्रीव्ह यांनी १९६६ मध्ये दाखवलं की निव्वळ यदृच्छेने जोडलेल्या प्रवाहांच्या जाळ्यातही हे गुणोत्तर ४ च्या आसपास येतं. पुढे किर्चनर यांनी १९९३ मध्ये आणखी नेमकं म्हटलं की हॉर्टनचे नियम जवळपास कोणत्याही जाळ्याला लागू पडतात. जे गुणोत्तर जवळपास कुठेही तेच येणार, ते तुमच्या नदीबद्दल विशेष काय सांगणार? कोयनेसारख्या काटकोनात वळणाऱ्या नदीच्या खोऱ्यातही आकडा ४ येऊ शकतो. मग ‘रचनेचा प्रभाव नाही’ असं लिहायचं का?

दुसरं, हिप्सोमेट्रिक इंटिग्रल. सूत्र सोपं आहे. सरासरी उंचीतून किमान उंची वजा करायची आणि कमाल व किमान उंचीतल्या फरकाने भागायचं. हिशेबापुरते दोन शेजारी ओढे घेऊ. एकाचं खोरं ६०० ते १४०० मीटर, सरासरी ८५०. उत्तर ०.३१. दुसऱ्याचं ६०० ते १०५०, सरासरी ८३०. उत्तर ०.५१. नेहमीच्या तक्त्याप्रमाणे पहिला ‘वृद्ध’ आणि दुसरा ‘प्रौढ’. फरक कशामुळे पडला? पहिल्याच्या माथ्यावर जांभ्याचा एक छोटा तुकडा शिल्लक आहे, एवढंच. स्वतः स्ट्रालर यांनी १९५२ च्या लेखात ०.३५ च्या खालच्या स्थितीला तात्पुरती म्हटलं आहे. अवशिष्ट टेकडी झिजून गेली की आकडा पुन्हा वर चढतो. म्हणजे ‘वृद्ध’ खोरं पुन्हा ‘प्रौढ’ होतं! मूळ लेख न वाचता तक्ता उतरवला की असं होतं.

हा सगळा वाद नुसता शब्दांचा आहे असं वाटत असेल तर दोन ठिकाणं आठवा.

जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळल्या, घरं गाडली गेली, माणसं गेली. त्याच दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आकृतीतलं क्षरण कणाकणाने, वर्षानुवर्षं चालतं. इथे डोंगराचा उतार एका रात्रीत खाली आला. अशा उतारावर ‘समतोल’ लिहिताना निदान हात थांबला पाहिजे.

दुसरं ठिकाण सांगली. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णा शहरात शिरली. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. पूरमैदान म्हणजे नदीनेच गाळ टाकून केलेली जमीन, हे आपण परीक्षेत लिहितो. पण त्या जमिनीवर शहर आहे, ऊस आहे, आणि ब्रह्मनाळसारखं गाव कृष्णा-येरळा संगमावर आहे. शिवाय वरच्या बाजूला कोयना, धोम, कण्हेर, वारणा ही धरणं बराच गाळ अडवून बसली आहेत आणि खाली वाळूउपसा चालतो. तेव्हा सांगलीजवळ आज जे संचयन होतं ते ‘वृद्ध नदीचं’ नैसर्गिक लक्षण म्हणून मांडणं चुकीचं ठरेल. त्यात माणसाचा हात किती, हाच तर प्रश्न आहे.

काठच्या जुन्या गाळाबद्दलही सावध राहा. काळे आणि राजगुरू यांनी १९८७ मध्ये वायव्य दख्खन पठारावरच्या नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला. त्यातून दिसतं की नदी काही काळ पात्र भरते आणि काही काळ तोच गाळ खोदते, आणि हे मान्सूनच्या बदलांशी जोडलेलं आहे. म्हणजे क्षरण वरच्या टप्प्यात आणि संचयन खालच्या टप्प्यात अशी कायमची वाटणी नाही. एकाच ठिकाणी दोन्ही घडतं, काळ वेगळा असतो.

मग आराखड्यात लिहायचं काय? माझ्या मते ‘नदी कोणत्या अवस्थेत आहे?’ हा प्रश्नच काढून टाका. त्याऐवजी मोजता येईल आणि खोटं ठरू शकेल असं काही विचारा. एक उदाहरण देतो. लँगबाइन आणि शूम यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या नद्यांवरून मांडलं की गाळ सर्वांत जास्त येतो तो अर्धशुष्क भागातून, कारण पाऊस वाढला की झाडोराही वाढतो आणि माती धरून ठेवतो. आपल्याकडे एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावला ५०० च्या आसपास. तिकडे जंगल, इकडे उघडा मुरूम. मग दर चौरस किलोमीटरला जास्त माती कुठून जाते? अमेरिकेतला निष्कर्ष मान्सूनच्या प्रदेशात टिकतो का? या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, म्हणून तो संशोधनाचा प्रश्न आहे. ‘प्रौढावस्था’ कधीच चुकत नाही, आणि तिची अडचण तीच आहे.

मॉर्फोमेट्री सोडा असं मी म्हणत नाही. खोऱ्यांची तुलना करायला, कुठे जाऊन बघायचं ते ठरवायला ती उपयोगी आहे. मी स्वतः अजून करतो. फक्त ती प्रकरण दोनमध्ये ठेवा, निष्कर्षात नको. आणि पूर ओसरल्यावर एकदा काठच्या शेतात जाऊन पट्टीने गाळाची जाडी मोजून या, शेतकऱ्याला विचारा मागच्या वेळी किती होता. पुढच्या सादरीकरणात “कुठे दिसलं?” असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे गावाचं नाव, तारीख आणि मोजमाप असेल.