सैन्य-पोलीस सेवेतील भेदभाव आणि शिवराम जानबा कांबळे यांचे निवेदन : एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधीची हमी दिली आहे. त्याच संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैन्य व पोलीस दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर, कर्तव्यपालन आणि शिस्त यांच्या रक्षणासाठी, मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. वर्दीच्या नोकरीतील भेदभावाचा प्रश्न या दोन अनुच्छेदांच्या मध्ये उभा आहे. सैन्याला व पोलिसांना शिस्त हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शिस्तीचे नाव पुढे करून कोणाला दाराबाहेर ठेवले जाते, हे तपासणे आवश्यक ठरते.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील ग्रामीण तरुण-तरुणींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. शेतीवर पोट भरत नाही अशा घरातील मुलामुलींसाठी पोलीस भरती आणि सैन्य भरती ही स्थिर पगाराची व प्रतिष्ठेची मोजकी दारे आहेत. ती दारे कोणासाठी व कोणत्या अटींवर उघडतात, हा वाद महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. त्या वादातील एक महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना सादर झालेले दख्खनमधील महारांचे निवेदन. प्रस्तुत लेखात या निवेदनाच्या युक्तिवादाची चिकित्सा करून आजच्या प्रतिबंधक उपायांच्या दृष्टीने त्याचे मोल तपासले आहे.

पार्श्वभूमी : सेवा होती, दार बंद झाले

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार सैनिकांची सेवा जुनी होती. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या स्मारकावर 'नाक' प्रत्ययाने संपणारी जी नावे कोरलेली आहेत, ती या सेवेची साक्ष देतात. सैन्यातील नोकरीने पगार व निवृत्तिवेतन दिले, तसेच छावणीतील शाळांमुळे शिक्षणही दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

१८५७ नंतर सैन्याची पुनर्रचना झाली. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५–१८९३) 'लढवय्या जाती'चा सिद्धांत बळावला आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली. येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. महार सैनिक लढण्यास अपात्र ठरले, असे कोणत्याही रणांगणावर सिद्ध झाले नव्हते. पात्रतेची व्याख्याच बदलली. कालपर्यंत जो शिपाई होता त्याची जात आज 'लढवय्या' उरली नाही, एवढाच फरक झाला.

दोन निवेदने, दोन भूमिका

या बंदीविरुद्धचा आरंभीचा लेखी आवाज गोपाळबाबा वलंगकर यांचा. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झालेल्या वलंगकरांवर महात्मा फुले यांच्या विचारांचा प्रभाव होता. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'च्या वतीने त्यांनी १८९४ मध्ये तयार केलेल्या निवेदनात मुख्य आधार दोन होते : पूर्वी बजावलेली सेवा आणि महार हे मूळचे क्षत्रिय होत हा दावा. सरकारने जातीच्या आधारे माणसे निवडायची ठरवली असताना अर्जदाराने आपली जात उच्च असल्याचे सांगावे, हे स्वाभाविक होते. मात्र या युक्तिवादाला एक अंगभूत मर्यादा होती. 'आम्ही लढवय्ये आहोत' असे म्हणताना 'लढवय्या जाती' ही कसोटी मान्यच केली जाते. ज्यांना क्षत्रियत्वाचा दावा करता येत नाही, ते या युक्तिवादाने बाहेरच राहतात.

कांबळे यांनी प्रथम मुंबई सरकारकडे दाद मागितली. १९०३ मध्ये सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा झाली आणि १५८८ सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले. त्याचा उपयोग झाला नाही. त्यानंतर १९१० चे निवेदन थेट भारतमंत्र्यांकडे गेले. त्यात पोलीस शिपाई व सैन्यातील शिपाई या पदांवर आणि सरकारी नोकरीच्या सर्वांत खालच्या श्रेणींत प्रवेश मागितला होता. निवेदनाचा भर वंशाच्या थोरवीवर नव्हता. माणुसकी, न्याय आणि एकाच राज्याचे समान प्रजाजन असणे, हा त्याचा पाया होता. वलंगकरांच्या निवेदनाच्या तुलनेत हे वैचारिक पाऊल मोठे होते. आपली जात कसोटीला उतरते असे न सांगता, जात ही कसोटीच असू नये, या दिशेने हा युक्तिवाद वळला.

तथापि निवेदनाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. उच्च पदांची अपेक्षा नाही, कारण तेवढे शिक्षण नाही, अशी नम्र भूमिका त्यात होती. तत्कालीन परिस्थितीत ती व्यवहार्य होती. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आधी आत यायचे असते. परंतु समतेचा पाया घालून खालच्या पायरीवर थांबण्याची तयारी दाखवणे, ही विसंगती होती. प्रवेश मिळाला की प्रश्न सुटला, असा समज तीतून बळावू शकतो.

प्रवेशानंतरचा प्रश्न

पुढील घटनाक्रम हेच दाखवतो. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती बरखास्त झाली. गरजेपुरता मिळालेला प्रवेश गरजेबरोबर संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. ही रेजिमेंट मात्र टिकली. पुढे तिच्यात इतर समाजांचे सैनिकही आले आणि जनरल के. व्ही. कृष्णराव व जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटमधून आले. अर्जाने जे साधले नाही ते संस्था उभी राहिल्याने साधले, हा या इतिहासाचा धडा होय.

तरीही भेदभावाचे जुने तर्कशास्त्र संपले नाही. त्याचा रोख बदलला. वसाहतकाळात खालच्या जातीच्या अधिकाऱ्याची आज्ञा वरच्या जातीचे शिपाई पाळणार नाहीत, असा युक्तिवाद केला जात असे. बबिता पुनिया प्रकरणात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जे लेखी म्हणणे मांडले, त्यात सैनिक प्रामुख्याने ग्रामीण पार्श्वभूमीचे असून महिला अधिकाऱ्यांचे नेतृत्व स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी नाही, असे कारण होते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि महिला अधिकाऱ्यांच्या स्थायी नियुक्तीचा व नेतृत्वपदांचा मार्ग मोकळा केला.

दोन्ही युक्तिवादांची बांधणी एकच आहे. मालक स्वतः भेदभाव करीत नाही; तो इतरांच्या पूर्वग्रहाचा केवळ आदर करतो, असे भासवले जाते. दुसऱ्या युक्तिवादात तर तो पूर्वग्रह खेड्यातील तरुणाच्या नावावर टाकला गेला. शहापूर-मुरबाडसारख्या भागातील अध्यापकांनी याची विशेष दखल घेणे अगत्याचे आहे. याच खेड्यांतील मुली भरतीसाठी धावण्याचा सराव करीत असताना त्यांच्या भावांच्या कथित मनोवृत्तीचे कारण देऊन त्यांना रोखले जाणे, हा दोघांवरही अन्याय आहे.

कसोटीची चिकित्सा

२५ मार्च २०२१ च्या नितीशा प्रकरणातील निकालाने एक पाऊल पुढे टाकले. स्थायी नियुक्तीसाठी महिला अधिकाऱ्यांना लावलेले वैद्यकीय निकष वरवर सर्वांना समान होते. पुरुष अधिकाऱ्यांची ही तपासणी सेवेच्या पाचव्या ते दहाव्या वर्षी होत असे; महिलांना मात्र तो निकष वयाने व सेवेने बऱ्याच पुढच्या टप्प्यावर लावला गेला. ज्या काळात त्यांना स्थायी नियुक्तीची शक्यताच नव्हती, त्या काळातील गोपनीय अहवालही त्यांच्याविरुद्ध मोजले गेले. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. हेतू शुद्ध असला तरी परिणाम विषम असेल तर निकष तपासला पाहिजे, हे या निकालाचे सार आहे.

महाराष्ट्र पोलीस दलातही असा प्रसंग आला. पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी पर्यायच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सोय करण्यास व शारीरिक चाचणीचे नियम ठरवण्यास राज्याला भाग पाडले. येथे कोणी कोणाला 'नको' म्हटले नव्हते. अर्जातील रकानाच ते काम करीत होता.

हीच दृष्टी स्थानिक पातळीवर वळवता येते. पोलीस भरतीतील किमान उंचीची अट जात किंवा जमात पाहत नाही. परंतु पिढ्यान्पिढ्या कुपोषण सोसलेल्या पाड्यांवरील कातकरी किंवा ठाकूर मुलामुलींवर तिचा परिणाम कसा होतो, हे विचारलेच पाहिजे. अट आवश्यक असू शकेल. पण ती कामाच्या गरजेतून आली आहे की सवयीतून, हे सिद्ध करण्याचा भार उमेदवारावर नसून सेवा देणाऱ्या यंत्रणेवर असावा.

प्रतिबंधाची दिशा

वरील विवेचनातून चार गोष्टी पुढे येतात. एक, भरती व बढतीचा प्रत्येक निकष त्याच्या प्रत्यक्ष परिणामावरून ठराविक काळाने तपासला जावा. दोन, 'इतर स्वीकारणार नाहीत' हे कारण कोणत्याही प्रशासकीय निर्णयात ग्राह्य धरू नये. स्वीकार घडवून आणणे हे प्रशिक्षणाचे काम आहे. तीन, तक्रार ऐकणारी यंत्रणा तक्रारदाराच्या आज्ञासाखळीबाहेर असावी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य नेमणे बंधनकारक केले आहे. तेच तत्त्व जात, जमात व लिंगभाव यांवरील इतर भेदभावालाही लागू व्हावे. चार, राज्यातील महिलांच्या ३० टक्के आरक्षणासारख्या तरतुदींचे यश केवळ भरतीच्या आकड्यांवर न मोजता, किती जणी वरच्या पदांपर्यंत पोहोचल्या यावर मोजावे.

निष्कर्ष

वलंगकरांनी कसोटीला उतरण्याचा प्रयत्न केला, कांबळे यांनी कसोटीच्या न्याय्यतेला हात घातला, आंबेडकरांच्या प्रयत्नांनी दारामागे टिकाऊ संस्था उभी राहिली आणि अलीकडील न्यायनिर्णयांनी कसोटीचा परिणाम मोजण्यास आरंभ केला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, ही या प्रवासातील महत्त्वाची नोंद होय. मात्र १९१० च्या निवेदनाची मर्यादा विसरता कामा नये. त्याने सर्वांत खालची पायरी मागितली होती. आज ती पायरी बहुतेकांना खुली आहे. वरच्या पायऱ्यांवरील अटी कोण लिहितो व कोणासाठी लिहितो, हा प्रश्न जोवर विचारला जात नाही, तोवर कांबळे यांचे निवेदन अर्धेच मंजूर झाले आहे, असे म्हणावे लागते.