इंग्रजी साहित्याचा पदव्युत्तर अभ्यास : निवडीचे निकष

इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी कोणते विद्यापीठ निवडावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा व्यावहारिक समजला जातो. संस्थेचा लौकिक, शुल्क, वसतिगृह, 1989पासून सुरू झालेली राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पुढील नोकरी यांच्या हिशेबात तो सोडविला जातो. हा हिशेब अनाठायी नाही. ज्या घरातून प्रथमच कोणी एम.ए.ला जात असते, तेथे तो टाळताही येत नाही. परंतु साहित्याचा अभ्यासक्रम निवडणे म्हणजे कोणत्या भाषेत, कोणत्या परंपरेच्या संदर्भात आणि कोणासाठी विचार करावयाचा, याचीही निवड असते. प्रश्नाची ही बाजू समीक्षेच्या कक्षेत येते.

पुण्याच्या विश्रांतवाडीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात ही बाजू विशेष स्पष्ट होते. त्याच्या घरापासून जवळच, येरवड्यात, डेक्कन कॉलेज आहे. 1821 साली संस्कृत पाठशाळेच्या रूपाने सुरू झालेली ही संस्था 1864पासून डेक्कन कॉलेज या नावाने ओळखली जाते. कवी वर्डस्वर्थचा नातू विल्यम वर्डस्वर्थ तेथे इंग्रजी साहित्य शिकवीत असे. टिळक आणि आगरकर त्याच संस्थेचे विद्यार्थी. 1934 मध्ये हे कॉलेज बंद झाले. 1939 मध्ये पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा इंग्रजी साहित्य तेथे परतले नाही. आज तेथे पुरातत्त्व, भाषाविज्ञान, संस्कृत व कोशशास्त्र यांचा अभ्यास होतो. म्हणजे या विद्यार्थ्याला भाषेचे शास्त्र हाकेच्या अंतरावर मिळते. इंग्रजी साहित्यासाठी मात्र शहरातील एखादे महाविद्यालय, मुळेपलीकडे गणेशखिंडीतील विद्यापीठ, अथवा मुंबई, हैदराबाद, दिल्ली वा परदेश यांपैकी काही निवडावे लागते.

या नावांची उतरंड त्याच्या मनात आधीच रचलेली असते. सर्वांत वर परदेश, त्याखाली दिल्ली-हैदराबाद, मग मुंबई-पुणे आणि तळाशी जिल्ह्याच्या गावचे महाविद्यालय. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (1989) या ग्रंथात असे दाखविले आहे की, इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय खुद्द इंग्लंडमध्ये स्थिरावण्यापूर्वीच हिंदुस्थानात राज्यकर्त्यांच्या गरजांतून रुजविला गेला. केंद्राच्या जितके निकट तितके ज्ञान अस्सल, ही समजूत त्या इतिहासाचाच अवशेष होय. मात्र त्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणून ‘विकारविलसित’ (1883) सिद्ध केले. विषय लावणाऱ्यांचा हेतू काहीही असो, शिकणाऱ्याने त्याचे काय करावे हे त्या हेतूने ठरविले नाही.

पुढील काळातील तीन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. भालचंद्र नेमाडे यांनी फर्ग्युसनमधील पदवीनंतर डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. ‘साहित्याची भाषा’ (1987) या त्यांच्या पुस्तकामागे या दुहेरी शिक्षणाचे बळ आहे. विलास सारंग यांनी मुंबईत इंग्रजीची डॉक्टरेट मिळविल्यावर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात तुलनात्मक साहित्यात दुसरी डॉक्टरेट केली आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखन केले. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. परंतु ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला आणि युरोपीय सौंदर्यशास्त्राचा वाद मराठीच्या परिभाषेत उभा केला. तिघांच्या वाङ्मयीन भूमिका परस्परांपासून दूर आहेत. देशीयतेचा आग्रह धरणारे नेमाडे आणि युरोपीय आधुनिकतेशी नाते सांगणारे सारंग ही तर दोन टोकेच. तरीही एक गोष्ट समान आहे : इंग्रजीच्या अभ्यासाने त्यांची मराठी बाजूस सारली नाही; ती अधिक कामाला लावली.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही असामान्य माणसांची उदाहरणे आहेत. आक्षेप रास्त आहे. मराठी माध्यमातून आलेला सामान्य विद्यार्थी प्रतिष्ठित विभागात जातो, तेव्हा त्याचे इंग्रजी गृहीत धरले जाते आणि त्याचे मराठी वाचन निरुपयोगी ठरते. तो वर्गात बोलत नाही. हळूहळू घरच्या भाषेतही साहित्याविषयी बोलण्याची त्याची सवय सुटते. दोन वर्षांनी हाती पदवी असते, पण दोन्ही भाषांत तो अबोल झालेला असतो. उलट, जवळच्या महाविद्यालयात सारांशपुस्तिकांवर परीक्षा पार पडते आणि मूळ संहितेशी गाठच पडत नाही. देशीयतेचे नाव घेऊन या दुसऱ्या अवस्थेचे समर्थन करणे ही फसवणूक आहे. शेक्सपिअर न वाचता त्याचे वर्चस्व नाकारता येत नाही. फार तर त्याच्याविषयी उदासीन राहता येते.

म्हणून निवडीचा निकष उतरंडीबाहेर शोधावा लागतो. तेथे मूळ संहिता ओळीओळीने वाचून घेतल्या जातात का? प्रबंधात मराठी संहिता इंग्रजी संहितेच्या बरोबरीने घेता येते का, की केवळ ‘पार्श्वभूमी’ म्हणून? भाषांतर आणि भाषाविज्ञान यांना अभ्यासक्रमात स्थान आहे का? तेथील अध्यापक आपल्या समाजाच्या भाषेत काही लिहितात का? जादवपूर विद्यापीठात 1956 साली तुलनात्मक साहित्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. भारतीय भाषा आणि युरोपीय साहित्य एकाच टेबलावर ठेवण्याची ती संस्थात्मक सोय होती. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला अशी सोय आयती मिळेलच असे नाही. अनेकदा ती त्याला डेक्कन कॉलेजातील भाषाविज्ञान आणि गणेशखिंडीतील साहित्य यांच्या जोडणीतून स्वतःच करावी लागेल.

विश्रांतवाडीच्या एका बाजूस डेक्कन कॉलेज आहे, दुसऱ्या बाजूस आळंदीचा रस्ता. संस्कृतातील गीता मराठीत सांगणाऱ्या ज्ञानदेवांची पालखी दरवर्षी याच रस्त्याने पुण्यात येते. परक्या वा प्रतिष्ठित भाषेतील ज्ञान आपल्या भाषेत विचारक्षम करणे हे मराठीला नवे नाही. जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला या कामासाठी अधिक समर्थ करतो, तो उतरंडीत कोठेही असला तरी श्रेष्ठ; आणि जो त्याला या कामाची लाज वाटायला शिकवितो, तो कितीही नामांकित असला तरी महागात पडणारा आहे.